परदेशातून होडीचं सामान स्वस्तात आणायचं असेल तर

मुंबई बंदरात, मांडव्याला किंवा गोव्यात शिडाची छोटी होडी बाळगणाऱ्यांची एक नेहमीची अडचण असते. शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या पोलादी कड्या), कप्प्या, शिडाचे दोर, फुगणारी लाइफ जॅकेटं या वस्तूंची दुकानं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही बराच माल बाहेरून आलेला असतो, त्यामुळे किंमत चढलेली आणि हवं ते माप हजर नाही. मग मुलांकडे अमेरिकेला जायचं ठरलं किंवा कचेरीच्या कामाने जर्मनी, सिंगापूरची फेरी निघाली की यादी तयार होते. ती बहुतेक वेळा चुकीची असते. परदेशात वस्तू किती स्वस्त आहे यापेक्षा ती तुमच्या होडीवर बसते का, विमानात चढते का आणि विमानतळावरून बाहेर येते का, हे आधी पाहायचं. या तिन्हींतून जी पार पडते तीच खरी स्वस्त.

## १. या वस्तू यादीतून आधीच खोडा

हे सगळ्यात आधी, कारण इथली चूक पैशांवर भागत नाही.

सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय जवळ बाळगणं बेकायदा आहे. गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातातली उपकरणंही त्यातच धरली जातात. गोव्याच्या विमानतळावर अशा उपकरणांपायी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेत ती क्रीडासाहित्याच्या दुकानात सहज मिळतात, म्हणून माणूस बेसावध राहतो. घेऊ नका, कुणी भेट दिली तरी आणू नका.

जवळच्या जहाजांशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ आणि आपली जागा इतर जहाजांना कळवणारा एआयएस ट्रान्सपॉन्डर ही प्रक्षेपण करणारी यंत्रं आहेत. त्यांना वायरलेस खात्याची मंजुरी आणि परवाना लागतो. शिवाय अमेरिकेत विकलेल्या एआयएस यंत्रात ओळख क्रमांक विक्रेताच भरून देतो आणि ग्राहकाला तो बदलता येत नाही. ही दोन्ही यंत्रं भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून कागदपत्रांसह घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

संकटसूचक बीकन, म्हणजे ईपीआयआरबी किंवा पीएलबी, बाहेर घेतला तर त्यात त्या देशाचा कोड असतो. भारताचा सागरी कोड ४१९ आहे. कोड परका राहिला तर संकटाच्या वेळी तुमची नोंद भलत्याच देशाच्या यादीत शोधली जाते. नवा कोड भरून देणारा आणि भारतात नोंदणीला मदत करणारा विक्रेता आधी सापडला तरच याचा विचार करा.

संकटात खूण म्हणून पेटवायचे फ्लेअर, हातात धरायचे आणि आकाशात सोडायचे दोन्ही, ही स्फोटकं आहेत. केबिनमध्ये नाही, सामानातही नाही, कोणत्याच विमानात नाही. होडीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा अँटिफाउलिंग रंग, थिनर, पॉलिएस्टर रेझिन आणि त्याचं हार्डनर यांचंही तेच. सीलंटची नळी घ्यायची असेल तर उत्पादकाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा १४ वा विभाग वाचा, त्यात वाहतुकीचं वर्गीकरण असतं. तिथे धोकादायक माल असं लिहिलेलं असेल तर नळी दुकानातच सोडा.

विजेवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाची बॅटरी अनेकांना भुरळ घालते. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत चालतात. १०० ते १६० पर्यंतच्या दोन, त्याही विमान कंपनीच्या संमतीने. त्यावरची एकही नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची होडीची लिथियम बॅटरी १,२०० वॉट-तासांच्या वर जाते. विषय संपला.

## २. जे इथेच चांगलं मिळतं ते तिकडून आणू नका

नांगर आणि साखळी परदेशातून आणण्यात काहीच अर्थ नाही. ८ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला साधारण १.४ किलो. २० मीटर घेतली की २८ किलो, म्हणजे एका बॅगेची मर्यादा ओलांडलीच. गॅल्व्हनाइज्ड साखळी, थिंबल, टर्नबकल, पॉलीप्रॉपिलीनचे आणि नायलॉनचे दोर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. ससून डॉकसारख्या मासेमारी बंदरांच्या आसपासच्या दुकानांतही मिळतात. जुन्या जहाजांचं पितळी आणि पोलादी सामान पाहायचं असेल तर दारूखान्यात एक फेरी मारा. नांगराचा आणि होडी बांधून ठेवायचा दोर तर आपल्याच घरचा आहे: पुण्याची गरवारे कंपनी मासेमारीचे आणि जहाजांचे दोर कित्येक दशकं बनवते आहे.

मच्छीमार वापरतात त्या जातीचं यामाहा आउटबोर्ड असेल तर त्याचे सुटे भागही इथेच घ्या. परदेशी दुकानात दिसणारं त्याच अश्वशक्तीचं इंजिन बहुधा फोर-स्ट्रोक असतं. आपल्याकडचं टू-स्ट्रोक असेल तर प्लग, गॅस्केट, पाण्याच्या पंपाचा संच, काहीच जुळेल याची खात्री नाही.

थंड समुद्रावरचे जाड कपडे हा आणखी एक मोह. उत्तर समुद्रासाठी बनवलेलं तीन थरांचं जॅकेट अर्ध्या किमतीत मिळालं तरी डिसेंबरच्या अलिबागच्या वाऱ्यात त्यात घाम फुटेल. अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा रॅश व्हेस्ट, बोटं उघडी राहणारे हातमोजे, ओल्या डेकवर न घसरणारे बूट आणि पातळ स्प्रे टॉप एवढं पुरे. पोलराइज्ड गॉगल घेणार असाल तर तो डोळ्यांवर ठेवून चार्टप्लॉटरच्या, म्हणजे सागरी नकाशा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहा. काही पडदे ठरावीक कोनात पूर्ण काळे दिसतात.

## ३. काय आणावं

हलकं, महाग, झिजणारं आणि इथे न मिळणारं. या चार कसोट्यांवर उतरणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: बॉल-बेअरिंगच्या कप्प्या, दोर पकडून ठेवणारे कॅम क्लीट, ३१६ पोलादाचे शॅकल आणि पिना, शिडाचे दोर, शीड दुरुस्तीची चिकटपट्टी, मेण लावलेला दोरा आणि सुया, इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारे इम्पेलर, लाइफ जॅकेट आणि त्यांचे रिआर्मिंग संच (फुगलेलं जॅकेट पुन्हा सज्ज करायचा सिलिंडर आणि सुटे भाग), हेडटॉर्च, ७×५० ची दुर्बीण. लेझर किंवा ऑप्टिमिस्ट या शर्यतीच्या छोट्या होड्या चालवणाऱ्यांसाठी टिलर (सुकाणूचा दांडा) लांबवणाऱ्या एक्स्टेन्शनचा सांधा आणि होडीबाहेर झुकताना पाय अडकवायचा हाइकिंग स्ट्रॅप.

दोरांबद्दल थोडं सविस्तर. हॅलयार्ड म्हणजे शीड वर खेचून ठेवणारा दोर. तो ताणला जाऊ नये म्हणून त्यात डायनीमा किंवा त्या जातीचा धागा हवा. शिडाचा कोन बदलायला हाताने सतत ओढायच्या दोराला, म्हणजे शीटला, मात्र दुपदरी पॉलिएस्टर चांगला, कारण तो हाताला बसतो आणि स्वस्त पडतो. डायनीमा पाण्यावर तरंगतो, पॉलिएस्टर बुडतो. डायनीमा साधारण १४५ अंशांवर वितळतो. म्हणून विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या ढोलावर) वेगाने घसरणाऱ्या दोराला पॉलिएस्टरचं बाहेरचं आवरण असलेला प्रकार घ्या. ३० मीटर लांब, ८ मिमी पॉलिएस्टर दोर दीड किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे दोन-तीन दोर सहज येतात. दुकानात रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे वेगळ्या टोपलीत ठेवलेले असतात आणि मीटरच्या भावापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. ६ ते १० मीटरचे तुकडे छोट्या होडीच्या शिडाचा ताण सांभाळणाऱ्या दोरांना (कनिंगहॅम, आउटहॉल, व्हँग) पुरतात. ही टोपली कुठे आहे हे विचारायला संकोच करू नका.

होकायंत्र घेताना एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं खाली झुकलेलं नसतं. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपात हा झुकाव ६५-७० अंशांच्या घरात, मुंबईत त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिकडच्या क्षेत्रासाठी तोललेली सुई इथे तिरकी बसते आणि घासते. आपल्या क्षेत्रासाठी तोललेलं किंवा जगभर चालणारं होकायंत्र मागा.

## ४. होडीवर जा आणि माप घ्या

निघायच्या आधी एक रविवार याला द्या. व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी, वही आणि फोन घेऊन प्रत्येक भागाचा फोटो काढा. फोटोत मोजपट्टी दिसू द्या.

खरी गोम इंच आणि मिलिमीटरची आहे. अमेरिकेतलं सगळं इंचात. पाव इंची पिन ६.३५ मिमी असते, ती ६ मिमीच्या भोकात जात नाही आणि ८ मिमीच्या भोकात खडखडते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, ती ८ मिमीच्या जागी चालते. ३/८ इंच ९.५ मिमी, १० च्या भोकात थोडी सैल. अर्धा इंच १२.७ मिमी, १२ मध्ये जाणारच नाही. आट्यांचं आणखी वाईट. पाव इंची बोल्ट आणि एम-६ बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण आट्यांची अंतरं वेगळी. एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने फिरवला तर अर्ध्यात अडकतो आणि दोन्ही वाया जातात. तुमच्या होडीला आधीपासून मेट्रिक बोल्ट असतील तर बोल्ट युरोपात किंवा सिंगापुरातच घ्या.

वहीत हे आकडे हवेत:

- प्रत्येक शॅकलच्या पिनेची जाडी, तोंडाची रुंदी आणि आतली लांबी
- कप्पीच्या चाकाचा व्यास आणि त्यातून जाणाऱ्या दोराची जाडी
- दोर दाबून धरणाऱ्या क्लचवर आणि दोराचं टोक स्वतःच धरून ठेवणाऱ्या सेल्फ-टेलिंग विंचवर लिहिलेली दोराची मर्यादा, उदाहरणार्थ ८ ते १० मिमी
- शिडाची चार मापं: पी, ई, आय आणि जे. पी म्हणजे डोलकाठीवर मेनसेल चढण्याची उंची, ई म्हणजे बूमवरची (शिडाखालच्या आडव्या दांड्यावरची) लांबी, आय म्हणजे पुढच्या त्रिकोणाची उंची, जे म्हणजे त्याचा डेकवरचा पाया
- इम्पेलरचा व्यास, रुंदी, दांड्याची जाडी, पात्यांची संख्या, आणि जुना इम्पेलर असेल तर त्यावरचा क्रमांक

जुना भाग सुटा असेल तर तोच बरोबर न्या. दुकानदाराच्या काउंटरवर तो ठेवला की अर्धं बोलणं वाचतं.

## ५. कुठे आणि कधी

उत्तर गोलार्धात हंगाम सप्टेंबरनंतर ओसरतो आणि दुकानं माल कमी करायला लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची सहल यासाठी उत्तम. आपल्याकडे पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात उतरतात तेव्हाच हे सामान हातात येतं.

अमेरिकेत डिफेंडर आणि वेस्ट मरीन ही मोठी नावं. नातेवाइकांच्या घरी माल मागवून ठेवता येतो, पण तुम्ही पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी मागवा, म्हणजे चुकलेलं परत करायला वेळ राहील. खरी बचत जुन्या मालाच्या दुकानांत आहे: ॲनापोलिसचं बेकन सेल्स जुन्या शिडांसाठी, फोर्ट लॉडरडेलचं सेलरमॅन आणि कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाचं मिनीज जुन्या सामानासाठी. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या ब्यूलीला होड्यांच्या सामानाचा मोठा जुना बाजार भरतो. जर्मनीत ब्रेमेनचं एसव्हीबी. ऑस्ट्रेलियात व्हिटवर्थ्सची दुकानं.

ड्युसेलडॉर्फचं जानेवारीतलं प्रदर्शन किंवा साउदॅम्प्टनचं सप्टेंबरमधलं प्रदर्शन गाठता आलं तर शेवटच्या दिवशी दुपारी जा. मांडलेले नमुने परत न्यायला विक्रेते नाखूश असतात, भाव तेव्हा बोलता येतो.

पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत की स्थानिक चलनात. नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपयांत घेतलं तर त्यांचा दर लागतो आणि तो तोट्याचा असतो. तुमच्या कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आधी विचारा. अनेक कार्डांवर ते ३.५ टक्क्यांपर्यंत असतं आणि त्यावर जीएसटी वेगळा.

## ६. जुना माल पारखताना

शिडाचं कापड शेवटी जातं, शिवण आधी जाते. उन्हाने दोरा कुजतो. लीचच्या कडेला, म्हणजे मागच्या कडेला, टाक्यावरून नख जोरात ओढा. दोरा तुटला तर सगळी शिवण पुन्हा मारावी लागेल आणि तो खर्च शिडाच्या भावात धरा. कापड हातात चुरगाळून पाहा: अजून कडकपणा असेल तर जीव आहे, जुन्या चादरीसारखं मऊ लागलं तर ते शीड वाऱ्यात पोट सोडतं. डोलकाठीच्या खोबणीत जाणारी कडा आणि स्लाइड तुमच्या मापाच्या नसतील तर शीड कितीही चांगलं असलं तरी चढणार नाही. लेझरचं बिनकंपनीचं शीड सरावाला उत्तम, पण वर्ग संघटनेच्या शर्यतीत चालत नाही. मुलगा शर्यती खेळत असेल तर दोन्हीतला फरक त्याच्याकडून समजून घ्या.

पोलाद पारखायला चुंबक वापरतात, त्यावर विसंबू नका. थंड अवस्थेत वाकवलेलं किंवा ओढलेलं ३१६ पोलादही थोडं चुंबकाला धरतं. शॅकलवर कोरलेलं ३१६ किंवा ए-४ पाहा. ए-२ म्हणजे ३०४. ते आपल्या खाऱ्या, दमट हवेत लवकर तपकिरी डाग धरतं आणि खड्डे पडून कमजोर होतं. भाराचा आकडाही नीट वाचा. कुणी सुरक्षित भार लिहितं, कुणी तुटण्याचा भार, आणि या दोहोंत कित्येक पटींचा फरक असतो.

जुनं फुगणारं लाइफ जॅकेट घेऊ नका. त्याची आतली पिशवी कुठे घासली आहे हे दुकानात कळत नाही. पैसे वाचवायची ही जागा नाही.

## ७. लाइफ जॅकेट निवडताना

१५० न्यूटनच्या जॅकेटात बहुधा ३३ ग्रॅमचा, २७५ च्या जॅकेटात ६० ग्रॅमचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. आपोआप फुगणाऱ्या प्रकारांत दोन जाती आहेत. एकीत पाण्याने विरघळणारी गोळी स्प्रिंग सोडते, दुसरीत पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि ती हॅमर या नावाने ओळखली जाते. कोकणातल्या दमट हवेत गोळीचं जॅकेट बंद केबिनमध्येच फुगण्याचा धोका असतो. दाबाचं महाग पडतं, पण इथल्या हवेला तेच शहाणपणाचं. मांड्यांमधून जाणारा पट्टा वेगळा विकला जात असेल तर नक्की घ्या. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि डोकं खाली जातं. लहान मुलांचं माप वयावर नाही, वजनावर घ्या. अमेरिकेत ते पौंडांत लिहिलेलं असतं, ९० पौंड म्हणजे साधारण ४० किलो.

## ८. करपरतावा

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला संघातल्या देशांत विक्रीकर परत मिळतो. जर्मनीत दर १९ टक्के आहे. तो किमतीत मिसळलेला असल्याने बिलाच्या रकमेचा तो साधारण १६ टक्के येतो, आणि मध्यस्थ कंपनी आपला हिस्सा कापते. बिल तुमच्या नावाने आणि तुमच्या भारतातल्या पत्त्याने हवं. तिकडे राहणाऱ्या भाच्याने त्याच्या नावावर घेतलं तर परतावा नाही. मोठ्या बॅगेत जाणारा माल चेक-इनच्या आधी सीमाशुल्क खिडकीवर दाखवून शिक्का घ्या. बॅग पट्ट्यावर गेली की कुणी शिक्का देत नाही.

ब्रिटनने ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद केली, अजूनही अनेकजण ती धरून हिशेब करतात. सिंगापुरात ९ टक्के, किमान १०० सिंगापूर डॉलरच्या खरेदीवर. ऑस्ट्रेलियात १० टक्के, एका दुकानातून किमान ३०० डॉलरची खरेदी आणि निघण्याच्या आधीच्या ६० दिवसांतली. अमेरिकेत देशभरचा परतावा नाही, पण ऑरेगॉन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि मोंटाना या राज्यांत विक्रीकरच नाही.

## ९. बॅग भरणं

बहुतेक कंपन्यांची बॅग २३ किलोची, तिन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंटिमीटर. या बेरजेच्या बॅगेत न मावणारा टिलर किंवा बॅटन (शिडात घालायची पट्टी) आणू नका. डॅक्रॉनचं, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टरचं, शीड घडी घालून येतं. थर चिकटवलेल्या लॅमिनेटचं शीड घडीवर मोडतं, त्याची गुंडाळीच करावी लागते आणि ती बॅगेत मावत नाही.

फुगणाऱ्या जॅकेटातला सिलिंडर आणि दोन सुटे सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांत बसतात, पण विमान कंपनीची संमती लागते. एका प्रवाशाला किती जॅकेटं चालतील हेही ईमेलने विचारा आणि उत्तराची छापील प्रत जॅकेटाला बांधून ठेवा. सुरक्षा तपासणीतला माणूस सिलिंडर काढून ठेवतो तो बहुतेकदा कागद नसल्यामुळे. सुरी, दोराचे पीळ सोडवायचा स्पाइक, पाने सगळे मोठ्या बॅगेत.

## १०. भारतात उतरल्यावर

२०१६ च्या बॅगेज नियमांत करमुक्त मर्यादा माणशी ५०,००० रुपये होती आणि त्यावरच्या मालाला उपकरासह ३८.५ टक्के शुल्क. नियम बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर आजची मर्यादा आणि दर वाचा. ३८.५ टक्क्यांच्या दराने मर्यादेवरच्या प्रत्येक हजाराला ३८५ रुपये धरा, आणि तिकडची बचत त्याहून कमी असेल तर ती वस्तू यादीतून काढा. नवरा-बायकोची मर्यादा एका महाग वस्तूवर एकत्र करता येत नाही. एकाच जातीच्या दहा कप्प्या दिसल्या तर व्यापाराचा संशय येतो, तेव्हा होडीच्या नोंदणीची प्रत जवळ असू द्या.

माल मर्यादेच्या वर गेला असेल तर लाल मार्गाने, म्हणजे शुल्क भरायचा माल असणाऱ्यांच्या रांगेने, जा. अतिथी ॲपमधून आधीच घोषणापत्र भरता येतं. किमतीचे टॅग फाडून किंवा कमी रकमेचं बिल बनवून काही साधत नाही, अधिकारी वस्तूची किंमत समोरच इंटरनेटवर बघतो.

बरोबर ठेवायचे कागद: सगळी मूळ बिलं, कार्डाच्या पावत्या, विमान कंपनीची ईमेल, होडीच्या नोंदणीची प्रत, आणि जाताना स्वतःची दुर्बीण किंवा जीपीएस नेत असाल तर निघतानाच सीमाशुल्काकडून घेतलेलं निर्यात प्रमाणपत्र. ते नसेल तर येताना तीच वस्तू नवी समजली जाऊ शकते.

## ११. घरी पोचल्यावर

पहिल्याच आठवड्यात सगळं होडीवर लावून पाहा, दुकानाची परतीची मुदत चालू असते. प्रवासात सैल झालेले लाइफ जॅकेटचे सिलिंडर हाताने घट्ट फिरवा. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन करा: सिलिंडरवर कोरलेल्या एकूण वजनापेक्षा ते कमी भरलं तर गॅस गळला आहे, तो टाकून द्या. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी ते तसंच टणक असायला हवं. फुगवणाऱ्या यंत्रणेवर लिहिलेली मुदत वहीत मोठ्या अक्षरात उतरवा, म्हणजे पुढच्या फेरीला कुणी परदेशी निघालं की रिआर्मिंग संचाचा नेमका क्रमांक त्यांच्या हातात देता येईल.